अंगठ्यानं दिलेली सुट्टी

वाचकाचं पत्र

'मी सहा वर्षं हौस म्हणून माउंटन बाइकच्या रेस करतोय आणि मागच्या हिवाळ्यापासून सायक्लोक्रॉसचाही, म्हणजे चिखल-वाळूतल्या छोट्या फेऱ्यांच्या रेसचाही, नाद लागला आहे. वय ४३, वजन ७५ किलो, नोकरी पूर्ण वेळ. यंदा एप्रिल ते ऑगस्ट माउंटन बाइकच्या १२ आणि सप्टेंबर ते जानेवारी क्रॉसच्या १९, अशा ३१ रेस केल्या. वसंतात साठ-सत्तर जणांत विसावा-पंचविसावा यायचो. ऑगस्टमध्ये अंगठा दुखावला आणि तीन आठवडे फुकट गेले, तरी सप्टेंबरअखेर क्रॉसला ११वा आलो. वर्षातला सगळ्यात चांगला निकाल तोच. पुढे घसरण सुरू झाली. डिसेंबरात वाटेत आडव्या लावलेल्या फळीला अडकून डोक्यावर आपटलो, दोन मिनिटं काही सुचेना, पण उठून रेस पुरी केली. जानेवारीत दोनदा पंचांनी मला रेस संपायच्या आधीच बाहेर काढलं आणि शेवटच्या रेसला मी खालून तिसरा होतो. क्रॉसमधली ती वाळू, तो चिखल, सायकल खांद्यावर टाकून पळताना दोरीपलीकडून ओरडणारी अनोळखी माणसं, या सगळ्याचं वेड लागलंय. पण आठवड्याला आठ-नऊ तास सराव करूनही पाय शिशाचे झालेत. पंक्चर नको म्हणून टायरात ४० पीएसआय हवा ठेवतो, रेसआधी दमायला नको म्हणून ट्रॅकवर सरावाची फेरी मारत नाही. सराव बारा तासांवर न्यावा का? पिटसाठी, म्हणजे रेसमध्ये सायकल बदलायच्या जागेसाठी, दुसरी सायकल घ्यावी का? की क्रॉस सोडूनच द्यावा? बायको म्हणते, आपल्या घरातून रविवार चोरीला गेलाय.
— खालून तिसरा'

उत्तर

खालून तिसरेसाहेब,

आधी तुमच्या अंगठ्याबद्दल बोलू. एवढ्या लांब पत्रात तुम्ही त्याला जेमतेम अर्धं वाक्य दिलंत, तेही 'तीन आठवडे फुकट गेले' म्हणून. त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात वर्षातला सगळ्यात चांगला निकाल आहे, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही 'तरी' हा शब्द घातलाय. तो 'तरी' खोडा आणि तिथे 'म्हणून' लिहा. माझं निम्मं उत्तर तिथंच झालं.

सरावानं माणूस बळकट होत नाही, दमतो. बळ येतं ते मागाहून, झोपेत आणि रिकाम्या दिवसांत. हे प्रत्येक सायकलवाल्याला तोंडपाठ असतं. ते आपल्यालाही लागू आहे, एवढंच त्याला पटत नाही. तुमच्या अंगठ्याला ते पटलं. एप्रिलपासून पाच महिने तुम्ही जे पेरत होतात ते उगवायला त्यानं तीन आठवडे जमीन मोकळी ठेवली, आणि सप्टेंबरात पीक आलं. पुढे तुम्ही त्या जमिनीवर बावीस रविवारांपैकी एकोणीस वेळा नांगर फिरवलात.

तुमचा आठवडा कसा जात असेल याचा मला अंदाज आहे, कारण माझाही तसाच जायचा. रविवारी रेस. सोमवारी जिना चढताना कठड्याला हात. मंगळवारी निकालाची यादी उघडायची, स्वतःची लाज वाटून घ्यायची आणि संध्याकाळी रागारागानं इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत मारायचे जोराचे तुकडे, ठोकायचे. बुधवारी त्याची थकावट. गुरुवारी पुन्हा थोडं जोरात, कारण आता वेळ कमी उरला. शुक्रवारी हलकं, शनिवारी सायकल धुवायची, रविवारी पुन्हा रेस. यात सराव असा कुठे होतच नाही आणि विश्रांतीही नाही; दोन्हीच्या मधलं काहीतरी राखाडी चालू राहतं. त्यावर आणखी तीन-चार तास चढवलेत तर तो राखाडी रंग गडद होईल, बाकी काही नाही. तेव्हा बारा तासांचा विचार सोडा. आठ-नऊ तास भरपूर आहेत.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेलीच नाही आणि जिच्यावरून मला तुमचा खरा राग आला. डोक्यावर आपटल्यावर दोन मिनिटं काही सुचत नाही, याला मेंदूला बसलेला हिसका म्हणतात. हाड मोडलेलं दिसतं, हे दिसत नाही, म्हणून माणूस उठतो आणि रेस पुरी करतो. असं झालं की त्या दिवसापुरती सायकल संपली, मग तुम्ही आघाडीवर असा की तळाला. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला हवं, कारण डोकेदुखी, उजेड सहन न होणं, विनाकारण चिडचिड, झोपेचा बिघाड, ही लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. पहिला एक-दोन दिवस आराम, मग हलकी हालचाल, मग सोपं सायकलिंग, मग जोर, मग इतरांबरोबर सराव, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सर्वात शेवटी रेस. प्रत्येक पायरीवर निदान २४ तास, आणि त्रास पुन्हा उफाळला तर एक पायरी खाली. पहिल्या दुखण्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर तो फार महाग पडतो. तुम्ही बहुधा पुढच्याच रविवारी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभे होतात. पंचांनी तुम्हाला बाहेर काढलं त्या दोन्ही रेस या पडण्यानंतरच्या आहेत. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं पत्र वाचून मी सांगू शकत नाही, पण डॉक्टरांना ही तारीख सांगाच. आणि ते हेल्मेट टाकून द्या. आतला फोम एकदाच मार झेलण्यासाठी असतो. वरून धड दिसलं तरी त्याचं काम संपलेलं आहे.

झालं, राग संपला. आता क्रॉसकडे वळू.

एक गंमत सांगतो. हा खेळ जन्माला आला तोच मुळी मोकळ्या दिवसांची सोय म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधले रस्त्यावरचे सायकलपटू हिवाळ्यात अंग गरम ठेवायला शेतांतून, कुंपणांवरून, चिखलातून सायकली दामटायचे. जिथे चालवता येत नाही तिथे खांद्यावर. १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्टाव्ह लापिझनं आपल्या यशाचं श्रेय या हिवाळी धांगडधिंग्याला दिलं आणि मग सगळ्यांनाच तो करावासा वाटला. १९५० मध्ये पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीही जिंकली ती १९४७ च्या टूरचा विजेता जाँ रोबिक यानं. म्हणजे क्रॉस हे जोडकाम होतं, मुख्य कामातून बदल म्हणून केलेलं. पुढे त्याचा स्वतंत्र मोसम झाला, सप्टेंबर ते फेब्रुवारी. माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० ची, अमेरिकेतल्या ड्युरँगोची. तिचा मोसम वसंत आणि उन्हाळा. दोन्ही कॅलेंडरं एकमेकांना इतकी बेमालूम चिकटतात की मध्ये कागदही सरकत नाही. दोन माणसांनी वाटून घ्यायची पाळी तुम्ही एकट्यानं केलीत.

यावर तुम्ही मला मोठी नावं ऐकवाल, हे मला ठाऊक आहे. पॉलिन फेरान-प्रेवोनं २०१५ मध्ये रस्ता, क्रॉस आणि माउंटन बाइक, तिन्हींची जागतिक विजेतेपदं एकाच वेळी मिरवली. टॉम पिडकॉक टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण घेऊन आला आणि मधल्या २०२२ मध्ये क्रॉसचा जगज्जेता झाला. खरंय. पण फेरान-प्रेवोच्या त्या सोनेरी वर्षानंतरचं वर्षही बघा: २०१६ ला रिओ ऑलिंपिकची माउंटन बाइकची रेस तिला अर्ध्यावर सोडावी लागली. कारणं अनेक असतील, मी त्यांत शिरत नाही. दुसरं, माथ्यू व्हॅन डर पूल. क्रॉसमध्ये त्याच्याएवढा दरारा आज कुणाचा नाही. गेली काही वर्षं हा गृहस्थ क्रॉसचा मोसम डिसेंबरात उघडतो. बाकीचे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून चिखल खात असतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्याच्या १४ रेस झाल्या, १३ जिंकल्या. पगारी माणूस, सायकल धुवायला मेकॅनिक, पाय रगडायला मालिशवाला, आणि रेस १४. तुम्ही नोकरी सांभाळून १९.

क्रॉस सोडायचा का, या प्रश्नाचं उत्तरही तुमच्या पत्रातच सापडतं. माउंटन बाइकबद्दल तुम्ही फक्त आकडे लिहिलेत: बारा रेस, विसावा, पंचविसावा. क्रॉसबद्दल वाळू लिहिलीत, चिखल लिहिलात, दोरीपलीकडची अनोळखी माणसं लिहिलीत. तेव्हा क्रॉस हे तुमचं घर आणि माउंटन बाइक हे आजोळ, असं धरून चालू. आजोळी जायचं, पण पाच महिने राहायचं नाही. उतारावर नजर लांब ठेवणं, दगडांतून रेघ शोधणं, हातांत ढिलाई ठेवणं, हे तिथेच शिकायला मिळतं आणि क्रॉसमध्ये उपयोगी पडतं. मात्र एक खोड तिथूनच लागते. जाड टायर आणि सस्पेन्शन चुका पोटात घालतात, क्रॉसची सायकल घालत नाही.

तर पुढच्या वर्षाचा आराखडा माझ्या मते असा. आत्ता लगेच तीन आठवडे सुट्टी. पहिल्या आठवड्यात सायकलला हातही लावायचा नाही. नंतर चाला, पोहा, वाटल्यास कुठलंही मीटर न लावता रमतगमत सायकल फिरवा. (डोक्याबद्दल डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर अर्थातच ते आधी.) फिटनेस जाईल म्हणून जीव खालीवर होईल. थोडा जाईलही: व्यायाम थांबला की रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच कमी होतो आणि पहिल्या राइडला नाडी वेड्यासारखी धावते. तो तितक्याच लवकर परत येतो. सहा वर्षांत पायांत जे मुरलंय ते तीन आठवड्यांत पुसलं जात नाही. मग मार्च अखेरीपर्यंत निवांत, लांब, गप्पा मारता येतील अशा वेगाच्या राइड. एप्रिल ते मध्य जून माउंटन बाइकच्या सहा रेस, सातवी नाही. जूनच्या शेवटी पुन्हा दोन आठवडे ढिले. यंदा अंगठ्यानं जे केलं ते पुढच्या वर्षी कॅलेंडरानं करायचं, कुठलाही अवयव न दुखावता. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा सराव. सप्टेंबरात क्रॉसच्या दोन रेस, फक्त हात साफ करायला. ऑक्टोबरात तीन, नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक, आणि तिथे दहा-बारा दिवसांची मोकळी जागा, जेव्हा बाकी सगळे हपापल्यासारखे धावत असतात. डिसेंबरात तीन, जानेवारीत दोन. झाल्या अकरा. सहा आणि अकरा सतरा. तुमच्या ३१ मधून १४ रविवार परत आले. ते कुणाला द्यायचे हे मी सांगायला नको. चोरीची तक्रार आधीच दाखल आहे. कॅलेंडर भरताना आधी ते चौदा रविवार लिहा, मग रेस. उलट क्रमानं लिहायला गेलात तर ते पुन्हा गायब होतील, हे अनुभवाचे बोल.

रेसच्या आठवड्यात कठीण दिवस दोनच: रेस आणि बुधवार. मंगळवारचा राग गिळायचा.

एवढ्या विश्रांतीनंतरही पाय जड राहिले, सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा चढलेली राहिली किंवा झोप लागेना, तर मात्र रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. ४३ व्या वर्षी प्रत्येक थकव्याचं खापर सरावावर फोडू नये. आणि जोर करताना छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी.

आता त्या बाहेर काढण्याबद्दल. तुमच्या पत्रात ते अपमानासारखं आलंय. तो साधा हिशेब असतो. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार क्रॉसचा ट्रॅक अडीच ते साडेतीन किलोमीटरचा. एवढ्याशा फेरीत मागचे पुढच्यांच्या पायात येतात, म्हणून आघाडीवाल्याच्या पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त जो मागे पडतो त्याला थांबवतात. हौशी रेसमध्ये काही आयोजक हे पाळतात, काही नाही. समजा रेस आठ फेऱ्यांची आणि पुढच्याची फेरी सात मिनिटांची. त्याचे ८० टक्के म्हणजे ५ मिनिटं ३६ सेकंद. तुम्ही दर फेरीला ५० सेकंद गमावत असाल तर सातव्या फेरीच्या शेवटी ५ मिनिटं ५० सेकंद मागे असाल आणि शिट्टी वाजेल. दर फेरीला ४० गमावलीत तर आठव्या फेरीच्या शेवटीही ५ मिनिटं २० सेकंदच, म्हणजे रेस पुरी. बाहेर निघणं आणि पुरी करणं यांत फेरीमागे दहा सेकंदांचंच अंतर आहे. आणि ती दहा सेकंदं पायांत शोधू नका. ती जमिनीवर पडलेली आहेत, वाकून उचलायची आहेत.

सगळ्यात जास्त पडलीयेत ती उतरण्या-चढण्यात. फेरीत तीन ठिकाणी उतरावं लागतं असं धरा. प्रत्येक वेळी तीन सेकंद वाचली तर नऊ झाली. उतरताना उजवा पाय क्लीटमधून (बूट पेडलला अडकवणाऱ्या खटक्यातून) सोडवून सीटच्या मागून डावीकडे आणायचा आणि चालत्या सायकलवर डाव्या पेडलवर उभं राहायचं. डावा हात हँडलवर, उजवा वरच्या नळीवर. फळीच्या दोन पावलं आधी डावा पाय सोडवायचा आणि तसंच पळत सुटायचं, थांबायचं नाही. ब्रेक उतरण्याच्या बऱ्याच आधी, उतरताना नाही. फळी जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच असते, तेव्हा सायकल पोटापर्यंत उचलायची गरज नाही. चाकं सुटतील एवढीच. चढताना बहुतेक जण एक जास्तीचं, आखडतं पाऊल टाकतात आणि मग सीटवर धप्पकन आदळतात. त्या पावलात वेग मरतो आणि आदळण्यात बाकी काय काय मरतं ते विचारू नका. उडी वर मारायची नाही, पुढे घ्यायची. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूनं सीटवर यायचं आणि घसरत मध्ये बसायचं. हे सगळं आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, सपाट गवतावर, आधी चालत्या माणसाच्या वेगानं. दोन महिन्यांत अंगवळणी पडेल. दमलेल्या, धापा टाकणाऱ्या अवस्थेत हात-पाय जे आपोआप करतात तेवढंच खरं. रेसमध्ये विचार करायला डोकं शिल्लक नसतं.

फळ्या सायकलवरूनच उडवण्याच्या नादी मात्र लागू नका. बेल्जियमचा क्रॉसचा जगज्जेता स्वेन नाइस ते इतक्या सहज करायचा की बघणाऱ्याला वाटायचं, यात काय आहे. मलाही वाटलं. वयाच्या ४५ व्या वर्षी करून पाहिलं. पुढचं चाक फळीपलीकडे गेलं, मागच्यानं यायला नकार दिला. माझे वरचे दोन दात बाकीच्यांपेक्षा जास्त पांढरे आहेत ते त्या दिवसापासून.

मग टायर. ४० पीएसआय! साहेब, तुम्ही गवतावर लाकडी चाकं फिरवताय. क्रॉसचं टायर नियमानं ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसतं, पण त्या अरुंद टायरलाही जमिनीच्या आकाराप्रमाणे दबू द्यावं लागतं, तरच वळणावर ते पकड घेतं. कडक टायर प्रत्येक ढेकळावर उसळतं. प्रत्येक उसळीला तुम्ही पेडल मारता ते हवेत जातं आणि वळणावर घाबरून ब्रेक दाबता तो वेगळाच. पाय शिशाचे झाले असं जे वाटतंय त्यात या हवेचाही वाटा असणार. ट्यूबलेस करून घ्या, आत सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) भरा आणि तुमच्या वजनाला २८ पासून सुरू करा. रेसआधीच्या फेऱ्यांत एकेक पीएसआय कमी करत जा. मुळावर किंवा कडेवर रिम एकदा 'टक्' वाजली की एक परत वाढवा. तो तुमचा त्या दिवसाचा आकडा. चिखलात २५ च्या आसपास याल, कडक जमिनीवर २८ लाच राहाल. मोजायला छोटा डिजिटल गेज घ्या. पंपावरचा काटा एवढ्या कमी दाबाला थापा मारतो. ट्यूब ठेवूनच चालवणार असाल तर मात्र हे आकडे वापरू नका, ती रिमखाली चिमटून फुटेल. त्यासाठी जास्त हवा लागते, आणि म्हणूनच ट्यूबलेस.

आणि सरावफेरी न मारता टायरचा दाब ठरवणार कसा? ती मारायलाच हवी, निदान दोन, पहिली अगदी सावकाश. टोकियोला व्हॅन डर पूलचं काय झालं आठवा: सरावाच्या दिवसांत एका मोठ्या दगडाच्या उतरंडीवर सायकल खाली उतरवणारी तिरपी फळी होती, रेसच्या दिवशी नव्हती. ती असेलच असं धरून तो गेला आणि पहिल्याच फेरीत हँडलवरून जमिनीवर. पुढे रेस सोडावी लागली. ट्रॅक हा त्या दिवसाचा असतो, त्या तासाचासुद्धा. तुमच्या आधी तीन गट धावून गेले की सकाळचं कोवळं गवत दुपारी लापशीसारखं झालेलं असतं. फेरी मारताना सगळं बघत बसू नका. तीनच गोष्टी ठरवा: कुठे उतरायचं, कुठल्या वळणात कुठल्या बाजूनं शिरायचं, आणि सुरुवातीनंतरचं पहिलं वळण किती अरुंद आहे. या पहिल्या वळणावर रेसचा निम्मा निकाल लागतो, कारण मागे अडकलेल्याला उभं राहावं लागतं आणि पुढचे तोवर निघून गेलेले असतात. माउंटन बाइकला अरुंद पायवाट सुरू होताना होतं तेच. म्हणून वीस मिनिटं अंग चांगलं तापवून रेषेवर या. थंड पायांनी ती पहिली वीस सेकंदं निघत नाहीत.

वाळूचं वेड आहे म्हणालात, तर तिच्याबद्दल थोडं. वाळूत शिरायच्या आधी वेग घ्या, वजन मागे, गिअर नेहमीपेक्षा जड, आणि आधीच्यांच्या चाकोरीत पुढचं चाक टाकून हात ढिले सोडा. ते आपली वाट आपण शोधतं. हँडल वळवायला गेलात की रुतलात. थांबायच्या आधी उतरा. रुतून उभं राहिल्यावर उतरलात तर सायकल ओढावी लागते, वेग असताना उतरलात तर ती तुमच्याबरोबर पळते. बेल्जियममधल्या झॉनहोव्हनच्या वाळूच्या खड्ड्यात जगातले उत्तमोत्तम रेसरही उतरून पळताना दिसतात, त्यात कमीपणा नाही.

दुसरी सायकल? नको. पिटमध्ये दुसरी सायकल कामाची असते ती पहिली धुऊन तयार ठेवणारा माणूस उभा असेल तर. तुमच्याकडे तो नाही, आणि घरचा माणूस त्या कामाला लावावा अशी परिस्थिती सध्या दिसत नाही. त्याऐवजी चाकांची दुसरी जोडी घ्या, तिच्यावर चिखलाचे खोल दातांचे टायर चढवून ठेवा, आणि ब्रेक पॅडच्या एक-दोन जोड्या. ओल्या, कचकचीत मातीत मऊ रेझिनचे पॅड एका रेसमध्ये साफ झिजू शकतात, धातूमिश्रित घ्या. सायकल धुताना जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं आणि मग फेब्रुवारीत सगळं कुरकुरतं. तुमच्यासकट.

कॅलेंडर तयार झालं की मला पाठवा. रेस कुठल्या लिहिल्यात हे मी बघणार नाही, मोकळे आठवडे तेवढे मोजणार आहे. आणि तो अंगठा आता कसा आहे तेही कळवा. पत्रात लिहायचं राहूनच गेलंय.